बाईसाहेबांना चष्मा लागतो

काचेच्या बाबतीत नंबरकाकांना कुणी शिकवायला जाऊ नये, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पस्तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस! गल्लीतल्या प्रत्येक नाकावरची काच एकदा तरी त्यांच्या हाताखालून गेलेली. माणसांची नावं ते विसरत, नंबर विसरत नसत. रस्त्यात कुणी हाक मारली की डोळे बारीक करून विचारत, "कोण, उणे अडीच का?" आणि समोरचा मुकाट्याने हो म्हणे. म्हणून ते नंबरकाका. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि परवाना काकूंच्या कपाटात होता.

दुरुस्तीने भागतंय तोवर बदलायचं नाही, हे काकांचं तत्त्व. चष्म्याची काडी तुटली, जोडू. भिंगाला चरा पडला, घासू. घरातली इस्त्री, पंखा, काकूंची छत्री, सगळ्यांवर काकांचे हात फिरलेले. "मला तेवढं कधी दुरुस्तीला काढू नका म्हणजे झालं," असं काकू म्हणत.

एका जागी मात्र हे तत्त्व त्यांनी जरा जास्तच ताणलं होतं, आणि ती जागा म्हणजे त्यांचे स्वतःचे डोळे. दुकानासमोरच डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना. दोघांची जुनी दोस्ती. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा तर चांगलाच पिकलाय, आतलं भिंग बदलावं लागेल. काका दर वेळी 'बघू' म्हणत आणि घरी येऊन चष्म्याचा नंबर बदलत. दोन वर्षांत पाच चष्मे झाले. तपासणीचा तक्ता समोर आला की घडाघडा वाचत, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. वाचतीलच. तोच तक्ता त्यांच्याही दुकानात टांगलेला होता, आणि पस्तीस वर्षं लोकांकडून ऐकून ऐकून तो त्यांना तोंडपाठ झाला होता.

लेक दुसऱ्या शहरात राहायची. बाबांच्या हातातली गाडी काढून घ्यावी तर बाबा खचणार, राहू द्यावी तर आईचा जीव टांगणीला. मग तिने मधला मार्ग काढला आणि एक नवी गाडी पाठवून दिली. पुढच्या काचेमागे, आरशाच्या वर, एक कॅमेरा. तो रस्ता बघतो, रस्त्यावरचे पट्टे बघतो, कुणी आडवं आलं तर गाडी आपणहून ब्रेक लावते. आणि हे सगळं एका बाईच्या शांत आवाजात सांगते. "कृपया अंतर ठेवा." "आपण पट्टा ओलांडत आहात." काकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. "घरात एक होती, आता दोन झाल्या," असं ते ज्याला त्याला सांगत. पण रोज सकाळी भिंग पुसायच्या मऊ फडक्याने बाईसाहेबांची काच पुसणारेही तेच होते.

एका रविवारी काकांनी शिडी लावून दुकानाची पाटी रंगवली. पाटीवर दोन टपोरे डोळे काढलेले होते. त्यांचा पांढरा भाग उन्हाने पिवळा पडला होता, आणि पाटी बदलायची नाही हे वर आलंच आहे. सोमवारी सकाळी ते फडकं घेऊन गाडीपाशी गेले आणि फडकं हातातच राहिलं. काचेवर, अगदी वर मध्यभागी, बरोबर कॅमेऱ्यासमोर, एक पांढरी चांदणी उमटली होती.

"खडा लागलाय," काका म्हणाले. "टवका उडाला."

काकू वाकून बघू लागल्या. "मला तर काहीतरी चिकटल्यासारखं दिसतंय. जरा नखाने खरवडून..."

"हात लावू नकोस. काच आहे ती. नख लागलं की तडा थेट खालपर्यंत जायचा."

काकू मागे सरल्या. पस्तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात गल्ल्यावर बसूनही काचेतलं आपल्याला काही कळत नाही, हे त्यांना घरात मान्य करावं लागे. त्यांनी फक्त फोनवर एक फोटो काढला आणि लेकीला पाठवून दिला.

काकांनी गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या कारखान्यात फोन केला. तिथल्या बाई नीट बोलल्या. टवका लहान असेल तर त्यात एक पातळ रसायन भरून तो बुजवता येतो, म्हणाल्या. पण कॅमेऱ्यासमोर असेल तर बुजवून चालत नाही, आख्खी काच बदलावी लागते, आणि मग कॅमेराही नव्याने जुळवावा लागतो. गाडी एकदा आणून दाखवा, बघते. काकांनी फोन ठेवला आणि डाळीच्या दाण्याएवढ्या टवक्यासाठी आख्खी काच बदलायला सांगणाऱ्या जगाबद्दल काकूंना बरंच ऐकवलं. काचवाल्या बाईला त्यात काही दोष नाही, असंही ते म्हणाले, ती बिचारी बसवणारी आहे. घडवणारे आपण.

दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून ते कामाला लागले. भिंगं चमकवायची गुलाबी पूड पाण्यात कालवली, छोट्या यंत्राला लोकरीच्या नमद्याची चकती लावली, आणि दीड तास घासलं. घाम पुसत घासलं, चष्मा वर सारून घासलं, चष्मा खाली आणून पुन्हा घासलं. चांदणी गेली. अशी गेली, की तिथे टवका कधी नव्हताच!

त्या संध्याकाळी काका शीळ घालत फिरत होते. काकूंच्या फोनवर लेकीचं उत्तर आलं. काकूंनी ते वाचलं, शीळ घालणाऱ्या नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि फोन उपडा ठेवला.

मंगळवारी दोघं चष्म्याच्या चौकटी आणायला घाऊक व्यापाऱ्याकडे निघाले. गल्ली सोडून मोठ्या रस्त्याला लागले मात्र, बाईसाहेब बोलल्या, "आपण पट्टा ओलांडत आहात." काका पट्ट्याच्या आत होते. ते आणखी आत आले. "आपण पट्टा ओलांडत आहात." ते दुसरीकडे सरकले. तरी तेच. काकू म्हणाल्या, जरा हळू घ्या. काका म्हणाले, हळूच आहे, हिचंच काहीतरी बिनसलंय. तेवढ्यात बाईसाहेबांनी करकचून ब्रेक लावला. दोघांच्या सीटचे पट्टे छातीत रुतले आणि मागच्या गाड्यांनी एकच कल्लोळ केला. समोर कुणीही नव्हतं. कोपऱ्यावरच्या फलकावर दंतमंजनाच्या जाहिरातीतला एक माणूस बत्तीस दात दाखवत उभा होता, बाईसाहेब त्याला वाट देत होत्या.

तो माणूस काही रस्ता ओलांडेना आणि बाईसाहेब काही हलेनात. शेवटी काकांनी गाडी मागे घेऊन, वळवून, जेमतेम घरी आणली. मग ते गाडीतल्या पडद्याकडे टक लावून बसले. पडद्यावर गाडी रस्त्याचे पट्टे काढून दाखवायची. एरवी ते पट्टीने ओढल्यासारखे सरळ असत. आज ते मधेच वाकून पुन्हा सरळ होत होते, हे काकूंनी सांगितलं. काकांनी मान डोलावली. दुकानात हजारदा डोलावली होती तशीच.

"सरळ रेघ वाकडी दिसते म्हणजे काय? हिला तिरका नंबर लागलाय."

निदान अचूक होतं, त्यात वाद नाही. फक्त रोग कुणी दिला, तो प्रश्न त्यांना पडला नाही.

बुधवारी सकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बाईसाहेबांची नेत्रतपासणी झाली. काकांनी जमिनीवर खडूने दोन सरळ पट्टे ओढले, काकूंना गाडीत पडद्यासमोर बसवलं, आणि तपासणीच्या भिंगांची पेटी घेऊन ते स्टुलावर चढले. एकेक भिंग कॅमेऱ्यासमोर धरत आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने विचारत, "हे स्पष्ट की आधीचं?"

"आधीचं," काकू आतून म्हणत.

"आता?"

"दोन्ही सारखंच."

"घाई करू नकोस. डोळे मिटून उघड."

"माझे की हिचे?"

बाल्कन्या भरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरून अधिक दीड डोकावल्या. कामावर निघालेले उणे चार डबा हातात घेऊन तिथेच उभे राहिले आणि पाचव्या भिंगानंतर मतंही देऊ लागले. विसाव्या भिंगाला काकू म्हणाल्या, सरळ झाले बाई एकदाचे! काकांनी ते भिंग दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने काचेवर बसवलं. खाली उतरले, दोन पावलं मागे जाऊन मान तिरकी करून पाहिलं. उणे चार यांनी टाळ्या वाजवल्या. जगात पहिल्यांदाच कुणी गाडीला चष्मा लावला असेल, असं काका म्हणाले, आणि ते खरं असणार.

काकांनी गाडी सुरू केली. बाईसाहेब म्हणाल्या, "पुढचा कॅमेरा झाकला गेला आहे. सुरक्षेसाठी वेग मर्यादित केला आहे."

काकांनी भिंग काढलं. काढताना पट्टीचा गोंद काचेवर पसरला, आणि पुसायला गेले तसा आणखी पसरला. बाईसाहेबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि मग दर मिनिटाला म्हणत राहिल्या. वेग किती मर्यादित केला ते गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत कळलं. माणूस चालतो तेवढा.

काकू म्हणाल्या, आता कारखाना. काकूंनी त्यांना शेजारच्या जागेवर बसवलं आणि स्वतः चाक हातात घेतलं. रस्त्याच्या कडेकडेने, मागचे दोन्ही दिवे लुकलुकत, गाडी निघाली. एक आजोबा काठी टेकत त्यांच्या पुढे गेले. भाजीची पिशवी घेतलेल्या अधिक अडीच खिडकीशी येऊन चालू लागल्या. त्यांचा चष्मा कधी मिळणार, काडी जरा घट्ट होते, मधली चौकट दुसऱ्या रंगात आहे का, एवढं सगळं विचारून, उत्तरं घेऊन, त्या पुढच्या चौकात वळल्यासुद्धा. काका मान खाली घालून बसले होते.

कारखान्यात फोनवरच्या त्याच बाई होत्या. निळ्या डगल्याच्या बाह्या दुमडलेल्या, खिशात मोजपट्टी. त्यांनी गोंद पुसून काढला, काचेवरून बोटाचं टोक हलकेच फिरवलं, आणि काचेमागे एक रेघांचा पुठ्ठा धरला. कॅमेऱ्यापाशी येताच रेघा पाण्यात पडल्यासारख्या हलू लागल्या.

"इथे कुणी घासलंय का?"

"मी," काका म्हणाले. "पस्तीस वर्षांचा हात आहे."

"हात दिसतोय, काका. सुबक काम आहे. पण घासून घासून खळगा पडलाय. कॅमेऱ्यासमोर भिंगच तयार झालंय."

काकांचा चेहरा क्षणभर उजळला. "किती नंबरचं?"

बाई हसल्या नाहीत, म्हणून त्या काकूंना तिथेच आवडल्या. काकांनी विचारलं की आणखी थोडं घासून कडेचा भाग सारखा केला तर? किंवा ते रसायन भरलं तर? बाईंनी शांतपणे मान हलवली. बाकी काचेवर कुठेही म्हणा, मी बुजवून देते, त्या म्हणाल्या. दर वेळी काच बदला असं मी कधी सांगत नाही. "पण ज्या जागेतून बघायचं, तिथे डागडुजी करून भागत नाही, काका. ती जागा बदलावीच लागते."

काकूंनी फक्त नवऱ्याकडे बघितलं. काका जमिनीकडे बघत होते.

जुनी काच निघाली, नवी बसली, गोंद वाळला. त्यात दुपार गेली. मग बाईंनी गाडी एका सपाट फरशीवर घेतली, समोर काळ्यापांढऱ्या चौकोनांचा मोठा फलक उभा केला, दिवे सारखे केले. आता कॅमेऱ्याला नव्या काचेतून बघायला शिकवायचं होतं. काका बाकावरून उठलेच. हा तर तक्ता! ठरलेलं अंतर, सारखा उजेड, डोळ्याच्या उंचीवर फलक. हे तर आम्ही रोज करतो, ते म्हणाले, आणि त्यांच्यात पुन्हा जीव आला. बाईंची सहकारी त्या दिवशी आली नव्हती. फलक जमिनीपासून किती उंच आहे तो आकडा कुणीतरी मोजपट्टीवर वाचून सांगायचा होता. काका पुढे झाले.

"एकशे त्रेपन्न," त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

बाईंनी तो आकडा यंत्रात घातला. यंत्राने नकार दिला. आकडा आणि फलक जुळत नाहीत. काकांनी पुन्हा वाचलं, चष्मा वर सारून, मग खाली आणून. एकशे त्रेपन्न. यंत्राने पुन्हा नकार दिला. यंत्रच बिघडलं असेल, काका म्हणाले. तिसऱ्या वेळी बाई स्वतः आल्या, वाकल्या आणि थोडा वेळ वाकूनच राहिल्या.

"काका, हे एकशे अठ्ठावन्न आहे."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत लावला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. "तू बघ."

काकूंनी बघितलं. "अठ्ठावन्न," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

बाई काहीतरी आणायच्या निमित्ताने आत गेल्या. काका बाकावर येऊन बसले. बराच वेळ ते फलकावरचे चौकोन बघत होते, किंवा बघत असल्यासारखं करत होते.

"खरं सांगू? मला भीती वाटते," ते शेवटी म्हणाले. "काच बिघडली तर दुसरी मिळते. डोळा बिघडला तर? माझं सगळं दुकान या दोन डोळ्यांवर आहे. दुसरं मला काय येतं?"

"दुकान वर्षभर चार डोळ्यांवर चाललंय," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुम्ही भिंग बसवलंत की मी मागून नंबर ताडून बघते. गेल्या वर्षी उणे चारना तुम्ही उणे एक बसवलं होतंत. मी बदलून घेतलं. तेव्हापासून पाकिटात घालायच्या आधी प्रत्येक चष्मा माझ्या हातून जातो."

जिला काचेतलं काही कळत नाही, तिने वर्षभर गल्लीला नीट बघायला लावलं होतं, आणि श्रेय मात्र शीळ घालत ते घेत होते. त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त तिच्याबद्दल माया वाटली. "बोलली का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत."

तिकडे बाईंनी खरा आकडा यंत्रात घातला होता. गाडीत दिवे लुकलुकले आणि बाईसाहेबांचा आवाज आला, "कॅमेरा व्यवस्थित जुळला आहे."

"बघ, हिचंसुद्धा झालं," काका म्हणाले. "डॉक्टरला फोन लाव. मी बोलायला लागलो तर पुन्हा 'बघू' म्हणेन. तूच बोल."

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात झाली. काका टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांना भिंगाचा नंबर, बनावट आणि बसवायची दिशा सांगत होते. डॉक्टरांनी दोनदा गप्प बस म्हटलं, तिसऱ्यांदा काम संपल्याचं सांगितलं. एवढंच. पाऊण तासही लागला नाही. दोन वर्षं ते ज्याला घाबरत होते, ते त्यांच्या इस्त्रीच्या दुरुस्तीपेक्षा लवकर उरकलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टर समोर उभे होते, शेजारी काकू. काकांनी डोळा उघडला आणि सवयीने भिंतीवरच्या तक्त्याकडे वळून घडाघडा म्हणायला सुरुवात केली. डॉक्टरांनी तक्ता उलटा करून ठेवला.

"हे पाठांतर मी दोन वर्षं ऐकतोय," ते म्हणाले. "मला काय कळत नव्हतं होय? आज दुसरा तक्ता वाच."

काकूंनी फोन पुढे केला. पडद्यावर बाईसाहेबांच्या काचेचा फोटो होता. त्या सोमवारचा. काकांनी तो हातात घेतला आणि जवळ आणला. मग लांब नेला. चांदणीची कड वर उचललेली होती. खालच्या बाजूला ओघळाचं बारीक शेपूट होतं. आणि बरोबर मधोमध, सुकलेल्या ठिपक्यात रुतलेला, कुंचल्याचा एक काळा केस.

"हा तर रंग आहे," काका म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या.

"तैलरंग. पांढरा." त्यांचा आवाज बारीक झाला. "माझा?"

काकूंनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे त्यांचं दुकान होतं, दुकानावर ती पाटी. पाटीवरचा डावा डोळा ग्राहकांकडे बघत होता. उजवा सरळ नाकाकडे. चष्म्याचं दुकान पंधरा दिवस साऱ्या गल्लीकडे तिरळं बघत होतं, आणि त्याच्या बरोबर खाली, त्या रविवारी गाडी उभी होती तिथल्या पायरीवर, तसेच तीन पांढरे ठिपके पडले होते.

"कुणी काही बोललं नाही?" काकांनी विचारलं.

कुणाला बोलायचं धाडस नव्हतं, काकूंनी सांगितलं. उणे चार तर म्हणाले, काकांना वाईट वाटेल, आपण तिरके उभे राहून बघत जाऊ.

"आणि हा रंग आहे हे तुला कधी कळलं?"

"सोमवारी संध्याकाळी. लेकीने फोटो मोठा करून पाहिला. मी सांगणारच होते, पण तुम्ही शीळ घालत होतात. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब त्या मंजनवाल्यापाशी अडून बसल्या. मग म्हटलं, काच तर गेलीच आहे, निदान डोळा तरी पदरात पडू दे."

डॉक्टरांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि आपल्या जुन्या मित्राला, त्याच्याच पस्तीस वर्षांच्या आवाजात, रीतसर विचारलं, "मग? हे स्पष्ट की आधीचं?"

काकांनी फोटोकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पायरीवरच्या ठिपक्यांकडे पाहिलं. मग काकूंकडे. त्यांच्या कानाशी बरेच केस पांढरे झाले होते, ते काकांनी आजच बघितले.

"आधीचं बरं होतं," ते म्हणाले. "तेव्हा घरात मीच हुशार होतो."

आणि डाव्या डोळ्याची तारीख मागून घेतली.